उपासना माडीवर हलवता आली पाहिजे

जुलै सरत आला की सांगलीत भेटणारा माणूस 'जेवलात का' विचारत नाही, 'पाणी किती?' विचारतो. उत्तर फुटांत द्यायचं असतं, आणि ते फूट कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळचे. पूल १९२९ चा. तिथे ४० फूट झाले की इशारा, ४५ झाले की धोका. कोयना धरणाचा विसर्ग आणि अलमट्टी धरणाची पातळी हे शब्द आमच्याकडे चौथीतल्या पोरांनाही तोंडपाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५७ च्या वर गेला, आणि गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं.

तोवर माझी रोजची पूजा चांगली पाऊण तासाची होती. स्नान, सोवळं, देवांना अभिषेक, अथर्वशीर्षाची आवर्तनं, दोन स्तोत्रं, पोथीचा एक अध्याय. एवढं रोज करते म्हणजे आपलं मन पक्कं आहे, असा माझा समज होता. घर सोडलं त्या संध्याकाळपासून पुढचे तीन आठवडे यातलं काहीएक झालं नाही. देवघर पाण्यात, पोथी भिजलेली, अंघोळीला पाणी नाही, आणि नातेवाइकांच्या घरी एका खोलीत आम्ही नऊ माणसं. रात्री छाती धडधडायची, दिवसा कुणावर तरी खेकसायची. त्याच खोलीत माझ्या सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर, भिंतीला टेकून बोटांच्या पेरांवर रामनाम मोजत बसायच्या आणि साडेनऊला घोरायला लागायच्या. त्यांना मनाच्या शांतीवर एक वाक्य बोलायला सांगा, जमायचं नाही.

पुढे नरसोबाच्या वाडीला गेले तेव्हा कोडं उलगडलं. तिथे नदी दरवर्षी देवळात येते. दत्ताच्या पादुकांवरून वाहून पाणी दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, आणि त्या दक्षिणद्वार सोहळ्याला लोक स्नानाला गर्दी करतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती उंचावरच्या जागी हलवतात आणि पूजा तिकडे चालू राहते. जागा बदलते, पूजा मोडत नाही. माझी पूजा मात्र देवघराच्या फरशीत सिमेंटनं बसवल्यासारखी होती. तेव्हापासून जे चुकतमाकत शिकले ते इथे क्रमानं लिहिते. उदाहरण पुराचं आहे, कारण मला तेच ठाऊक. पण मिरजेच्या दवाखान्यांच्या बाकड्यांवर रात्र काढणाऱ्यांना, नोकरी गेलेल्यांना, घरात वाटण्यांची भांडणं पेटलेल्यांनाही हे बरंचसं तसंच लागू पडेल.

आधी आपली उपासना तोलून बघा

एक कागद घ्या. रोज देवाधर्माचं किंवा ध्यानाचं जे काही करता ते एकाखाली एक लिहा. मग प्रत्येकापुढे हे प्रश्न: देवघराशिवाय होईल का? पुस्तकाशिवाय? अंघोळ न करता मनाला पटेल का? उभ्यानं? शेजारी टीव्ही चालू असताना, पोर रडत असताना? पाय ओले आणि पोट रिकामं असताना?

माझ्या आठ गोष्टींपैकी एकच धडपणे टिकली, तीही अर्धी. जे टिकेल ती तुमची आणीबाणीची उपासना. बाकीचं टाकू नका, साग्रसंगीत पूजेचा आनंद वेगळाच आहे. फक्त संकटात तिच्यावर भिस्त ठेवू नका.

कागदावर काहीच उरलं नाही, किंवा मुळात काही लिहायलाच नव्हतं, तर एकच नवी गोष्ट निवडा. निवडताना कोणती थोर आणि कोणती लवकर फळ देते हा हिशेब नको. लहानपणी कानांवर काय पडलं होतं ते आठवा. घाबरलेलं मन सगळ्यात जुन्या ओळखीच्या आवाजाकडे धावतं. आजी 'श्रीराम' म्हणायची तर तेच घ्या. दत्ताचं घर असेल तर 'दिगंबरा'. आमच्या भागात जैन घरं पुष्कळ, त्यांना णमोकार आहेच. गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाई तस्बीह, म्हणजे अल्लाचं नामस्मरण, करतात, तेहेतीस, तेहेतीस आणि चौतीसच्या हिशेबानं, आणि माळ हाताशी नसली तर त्याही बोटांवरच मोजतात. देव न मानणाऱ्यानं श्वास मोजावा, एक ते दहा आणि परत एक. गुरूंनी मंत्र दिला असेल तर प्रश्नच मिटला.

एकच निवडा, हे मात्र आग्रहानं सांगते. मोबाइलवर रोज कुणीतरी 'संकटनाशक' म्हणून नवं स्तोत्र पाठवतं. एका पुरात मी पाच स्तोत्रं सुरू केली आणि एकही पुरं केलं नाही.

पाऊस नसताना बसायचं

याला सगळ्यात जास्त वेळ द्या. हरिपूरकडे हळदीची पेवं असायची, जमिनीत खोल खणलेली. हळद शिजवून, वाळवून मगच पेवात जायची. ओली हळद कुणी पेवात भरत नाही. नामाचंही तसंच: वैशाख-ज्येष्ठात, डोकं ठिकाणावर असताना सुरू करायचं. (२००५ च्या पुरात पेवांतल्या हळदीचंसुद्धा मोठं नुकसान झालं, तेव्हा हा दृष्टांत फार ताणत नाही.)

मी घेतलं 'श्रीराम जय राम जय जय राम'. तेरा अक्षरं. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात गोंदवले आहे, तिथल्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५–१९१३) याच नामाचा घरोघर प्रसार केला. सावकाश म्हटलं तर एका नामाला तीन-चार सेकंद लागतात, म्हणजे एकशे आठ मण्यांची माळ सहा-सात मिनिटांत होते. सुरुवातीला एवढंच. अकरा माळांचा संकल्प पहिल्या दिवशी सोडू नका. तो चौथ्या दिवशी मोडतो, आणि मोडल्याची बोचणी महिनाभर छळते.

वेळ घड्याळाची नको, कामाची धरा. दूध तापवून गॅस बंद केला की माळ, मग चहा. घड्याळाची वेळ पाहुणे आले की चुकते. दूध तर रोज तापतंच.

बसायचं कसं? मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकलेले आणि पाठ सरळ. तीन श्वास साधेच घ्या. माळ मधल्या बोटावर, मणी अंगठ्यानं आत ओढायचा, तर्जनी बाजूला. मेरुमण्याशी, म्हणजे माळेच्या टोकाच्या मण्याशी, आलात की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलट निघायचं.

पहिले वीस दिवस मोठ्यानं म्हणा, आपल्याला स्पष्ट ऐकू येईल इतपत. ही वैखरी. नंतर ओठ हलतील पण शेजारच्याला ऐकू जाणार नाही असा, म्हणजे उपांशू जप. शेवटी मनातल्या मनात. जाणती माणसं मानस जपाला श्रेष्ठ म्हणतात, म्हणून आपण सगळे पहिल्याच दिवशी तिथे उडी मारतो. गडबड इथेच होते. मन शांत असताना मनातलं नाम टिकतं. मनात गलका असला की त्याच मनातलं नाम त्या गलक्यात बुडून जातं, आणि पाच मिनिटांनी कळतं की माळ फिरतेय आणि आपण विमा कंपनीला मनातल्या मनात पत्र लिहितोय. म्हणून मन खवळलं की एक पायरी वर या, मानसातून उपांशूत, तिथूनही सुटलं तर सरळ मोठ्यानं. निवळलं की परत खाली जा. घाटात ड्रायव्हर गिअर टाकतो त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

मन भरकटलं तर किती वेळा भरकटलं ते मोजू नका. ज्या मण्यावर लक्षात आलं त्या मण्यापासून पुढे. मागचे मणी 'वाया गेले' म्हणून परत पहिल्यापासून सुरू करणारी माणसं माझ्या माहितीत आहेत, त्यांच्या माळा पुऱ्या होत नाहीत आणि चिडचिड वाढते. मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना एकदा जरूर बघा. कारागीर तारेखाली दोरा सारतो, छेडतो, ऐकतो, केसाएवढा दोरा सरकवतो, परत छेडतो. कपाळावर आठी नसते. तार उतरणारच आहे आणि ती परत लावायची आहे, हे त्यानं धरूनच चाललेलं असतं. तसं बसा. ज्यांना नुसत्या शांततेत बसवत नाही त्यांनी मोबाइलवर तंबोरा लावून त्याच्या षड्जावर नाम धरावं. कानाला टेकू मिळतो.

हे सगळं श्रद्धेनंच करावं असं नाही. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास मांडला होता. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणिपद्मे हूँ' हा मंत्र या दोन्हींच्या पठणात श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि हृदयाच्या गतीलाही त्याची संथ लय लागते, असं त्यांना दिसलं. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, घाबरलो की आणखी वाढतात. म्हणजे मोठ्यानं सावकाश नाम घेणं हा न शिकवता होणारा प्राणायाम आहे. घरातल्या इंजिनिअर मुलाला मी एवढंच सांगितलं, तो आता जप करतो आणि त्याला 'ब्रीदिंग' म्हणतो. म्हणू दे.

महिना झाला की मुद्दाम मोडतोड सुरू करा. पावसाळ्याआधी कृष्णेत बोटींची प्रात्यक्षिकं होतात ना, तशी ही आपली. एक दिवस बिनअंघोळीचं नाम घ्या. एक दिवस एसटी स्टँडवर उभ्यानं. एक दिवस विट्याच्या गाडीत, खिडकीची काच खडखडत असताना. कुकरच्या शिट्ट्या चालू असताना. आणि आठवड्यातून एकदा माळेशिवाय, हातावर: अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, झाली बारा. अंगठ्यानं एकेक पेर मोजत बारा नामं झाली की डाव्या हाताचं एक पेर पुढे. अशी नऊ आवर्तनं म्हणजे एकशे आठ. माळ पाण्यात जाईल, हात बरोबरच असतो.

सोवळ्याओवळ्याचं काय, हे माझ्या मैत्रिणी हमखास विचारतात. पूजेला सोवळं असेल, नामाला नाही. पाळी चालू असो, सुतक असो, दवाखान्यातला वास अंगाला असो, नाम चालतं.

फुटांचं वेड

पाणी चढायला लागलं की अर्धी सांगली मोबाइलमध्ये वाकलेली असते. दर दहा मिनिटांनी 'आता किती?' कोयना धरणात १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर पाणी मावतं, पण तिथून सोडलेलं पाणी नळाच्या पाण्यासारखं लगेच पोचत नाही, तासन् तास लागतात. तोवर आपण तोच आकडा सत्तर वेळा बघून घेतो.

घरात असा नियम करा. पाणी ४० च्या खाली असेल तर दिवसातून तीनदा बघायचं. ४० ओलांडलं तर दर दोन-तीन तासांनी, आणि तेही घरातल्या एकाच माणसानं. आकडा पाटबंधारे खात्याचा किंवा जिल्हा प्रशासनाचाच धरायचा. भावकीच्या ग्रुपवर आलेला व्हिडिओ २०१९ चा असण्याची शक्यता दांडगी. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५० च्या पलीकडे गेलं तेव्हा मी स्वतः असला जुना व्हिडिओ बघून अर्धी रात्र जागले होते.

मोबाइल उघडण्याआधी एका हाताची बारा नामं, ठेवल्यावर परत बारा. मिनिटभराचा मामला. पहिल्या बारांत स्वतःला विचारा, 'हा आकडा बघून मी काही वेगळं करणार आहे का?' बरेचदा उत्तर 'नाही' असतं, आणि फोन आपोआप खिशात जातो.

आणि एक गोष्ट कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा: कोणत्या आकड्याला गाडी उंचावर न्यायची, कोणत्या आकड्याला म्हाताऱ्यांना हलवायचं, कोणत्या आकड्याला कुलूप लावून निघायचं. आपल्या गल्लीत पाणी किती फुटांना येतं हे जुन्या माणसांना इंचांत माहीत असतं, त्यांना विचारून प्रत्येक आकडा त्याच्या बराच अलीकडचा ठरवा. तुम्ही म्हणाल, यात अध्यात्म कुठे आलं? मला तर पुष्कळ दिसतं. मनाची निम्मी घालमेल 'आता काय करावं' याची असते. निर्णय मे महिन्यातच झालेला असेल तर ऑगस्टमध्ये फक्त पाय उचलायचे. २००५ ला आमच्या दारात पाणी आलं नव्हतं, मग आताही यायचं नाही, या हिशेबावर २०१९ ला कितीतरी लोक घरात बसून राहिले. काहीजण वर 'कृष्णामाई बघून घेईल' म्हणाले. माईवर माझीही श्रद्धा आहे. पण माईनं आकडा दाखवला तरी न उठण्याला श्रद्धा म्हणवत नाही मला.

पाणी उंबऱ्याशी आलं

आता उपदेश ऐकायला कुणाला वेळ नसतो. क्रम तेवढा लक्षात ठेवा.

देव आधी हलवा. शेवटी नव्हे, सगळ्यात आधी. मी हे उलटं केलं होतं: कागदपत्रं, दागिने, गॅसची टाकी, आणि देव राहिले. सासूबाई जागच्या हलेनात. पाणी पायरीला लागलं आणि आमचा वाद चालू. २०२१ ला पहिल्या दहा मिनिटांत देव तबकात घेतले, धुतलेल्या पंचात बांधले आणि ते गाठोडं सासूबाईंच्याच मांडीवर दिलं. त्या स्वतःहून उठल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हलवायचं तर त्याचा जीव जिथे आहे ती वस्तू त्याच्या हातात द्या. देव असतील, तानपुरा असेल, एखाद्याची गाय असेल.

मग सामान वर चढवणं. जिन्याच्या प्रत्येक पायरीला एक नाम, मोठ्यानं. हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा दीर हसले, तिसऱ्या खेपेला तेही म्हणत होते. ओझं उचलताना आपण नकळत श्वास कोंडतो, नामामुळे तो सुटत राहतो. शिवाय तोंडात नाम असलं की एकमेकांवर ओरडायला तोंड मोकळं नसतं, हा फायदा मी मोठा मानते.

कुणी हातपाय गाळून बसलं तर 'शांत हो' म्हणू नका. आजवर या शब्दांनी कुणी शांत झालेलं मी पाहिलेलं नाही. जवळ बसा, त्याचा हात धरा, पाय जमिनीला टेकवायला सांगा, आणि तुम्ही मोठ्यानं सावकाश नाम घ्या, त्याला घ्यायला लावू नका. चार-सहा श्वासांत त्याचा श्वास तुमच्या लयीला यायला लागतो. मग हातात बारकं काम द्या: या टॉर्चमध्ये सेल घाल, औषधांच्या पट्ट्या मोज. पोरांना टाळ्या वाजवत एखादं भजन म्हणू द्या, बेसूर का असेना.

आणि हो, उपास मोडा. पूर बरेचदा श्रावणात येतो, सोमवार-शनिवार चालू असतात. साखरेचा आजार असलेल्यांनी तर संकटात उपाशी राहूच नये. राजगिऱ्याचा लाडू खा आणि कामाला लागा.

परक्या घरातली रात्र

दिवस धावपळीत जातो. रात्री अकरानंतर, शाळेच्या वर्गात किंवा पाहुण्यांच्या हॉलमध्ये अंथरुणाला पाठ टेकली की सगळं अंगावर येतं. घराचं काय झालं असेल, मांजर कुठे असेल, हप्ते कसे फेडायचे.

दोन गोष्टी करा. पहिली श्वासाची. नाक मोकळं असेल तर नाकानंच. श्वास आत घेताना मनात 'श्रीराम', सोडताना 'जय राम जय जय राम'. आत तीन अक्षरं, बाहेर दहा. त्यामुळे सोडलेला श्वास आपोआप लांबतो, आणि लांब सोडलेल्या श्वासानं शरीर सैल पडतं. आकडे मोजायची कटकट नाही. श्वास रोखून मात्र धरायचा नाही. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर विशेषच. दम लागला किंवा गरगरलं तर सोडून द्या, नुसतं नाम पुरतं. शेजारी कुणी झोपलेलं नसेल तर चार-पाच वेळा भ्रामरी प्राणायामाचा भुंग्यासारखा गुंजारवही चालेल. भरलेल्या हॉलमध्ये नको, एकदा माझ्या भुंग्यानं एक आजोबा दचकून उठले होते.

दुसरी मानसपूजा. माझ्यासाठी या सगळ्यातली ही खरी कमाई. डोळे मिटायचे आणि आपलं देवघर, पाण्याआधीचं, मनात उभं करायचं. कोनाड्याच्या कडेचा तेलाचा डागसुद्धा. मग घाई न करता पूजा मांडायची. आवाहन, आसन. पाय धुवायला पाणी, हातावर अर्घ्य, आचमन. स्नान घालताना पाणी कोमट आहे ना ते बघा. अंग पुसा, वस्त्र नेसवा, जानवं. गंध उगाळल्याचा सहाणेचा आवाज येऊ द्या. फूल तुमच्या परसातलं, आमच्याकडे तगर. धूप, दीप. नैवेद्याला आज काय करायचं ते तुमच्यावर. मी त्या दिवसांत रोज पुरण घातलं, कारण खऱ्या जेवणात खिचडीच खिचडी होती. मग विडा, प्रदक्षिणा आणि मंत्रपुष्पांजली.

मोजलंत तर सोळा उपचार होतील, पण मोजायची गरज नाही. एखादा राहिला तर राहिला. बहुतेक रात्री मी गंधाच्या पुढे गेलेच नाही, झोप लागून गेली. देवघर बुडाल्याचं जे दुःख छातीवर दगडासारखं होतं, ते याच पूजेत पहिल्यांदा हललं. एकदा स्नान घालताना रडू फुटलं. फुटू द्यावं.

निवाऱ्यात असाल आणि चारचौघांना वाटलं तर संध्याकाळी हरिपाठ किंवा आरती जरूर करा, त्यानं वर्गाचं घर होतं. फक्त आधी विचारा. तिथे सगळ्या धर्मांची, सगळ्या पंथांची माणसं असतात, कुणाचं बाळ नुकतं झोपलेलं असतं. ध्वनिक्षेपक नको.

गाळ

पाणी ओसरल्यावर पेपरवाले जातात, मदतीचे टेम्पो आटतात, आणि घराघरांत गुडघाभर गाळ उरतो. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त माणसं इथे कोसळतात. पुरात अंगात बळ येतं, गाळात ते संपतं. आणि नेमकं याच वेळी नाम सुटतं, कारण 'आता संकट टळलं'.

म्हणून उलट करा. पाणी उतरलं त्या दिवसापासून चाळीस दिवस, एक माळ कमी नाही. जास्तही नको. गाळ काढताना घमेल्याला एक नाम. पंचनाम्याच्या रांगेत बोटांवर. एका टेबलावर मला तीन वेळा परत पाठवलं, तिसऱ्यांदा कागद भिरकावून द्यावा असं हाताला वाटलं होतं. त्या रांगेत बारा-बारानं किती आवर्तनं झाली कुणास ठाऊक. राग गेला नाही. पण चौथ्यांदा गेले तेव्हा कागद क्रमानं लावलेले होते आणि आवाज माझा मलाच ओळखीचा वाटला.

देवावरही राग येतो. हे लिहायला संकोच वाटतो, पण येतो. तेव्हा नाम घ्यावंसं वाटत नाही, घेतलं तर खोटं वाटतं. अशा दिवशी माळ हातात धरून नुसती बसा. किंवा सरळ भांडा. देवाशी भांडायची वाट आपल्या संतांनी कधी बंद केलेली नाही.

सेवेचंही सांगते. दुसऱ्याच्या घरातला गाळ काढायला जाणं ही फार मोठी उपासना आहे. पण मी काही काळ रोज जात होते आणि माझ्या घरातली एक खोली दीड महिना उघडलीच नव्हती. सेवा आणि पळ यांतला फरक ज्याचा त्याला कळतो, जरा उशिरा कळतो इतकंच.

नाम पुरत नाही अशाही जागा आहेत. पाणी ओसरून दोन-तीन आठवडे झाले तरी झोप लागत नसेल, पावसाच्या आवाजानं थरकाप होत असेल, जेवण सुटलं असेल, दारू वाढली असेल, जगण्यात राम उरला नाही असं वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा. जीव द्यावासा वाटत असेल तर आठवडे मोजू नका, त्याच क्षणी फोन करा. सरकारची टेली-मानस ही मदतवाहिनी १४४१६ वर दिवसरात्र असते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. गोळ्या चालू असताना जप चालतो आणि जप चालू असताना गोळ्याही चालतात.

आणि पुरामागून एक वेगळाच पूर येतो, 'तुमच्या वास्तूत दोष आहे, शांत करून देतो' म्हणणाऱ्यांचा. पूर का येतो हे पाटबंधाऱ्याच्या तक्त्यात लिहिलेलं असतं, तुमच्या पत्रिकेत नाही. भीती घालून, चमत्काराच्या नावाखाली लुबाडणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्या कायद्यासाठी आयुष्य वेचणारे नरेंद्र दाभोलकर आपल्या शेजारच्या साताऱ्याचेच. नामाला पैसे लागत नाहीत, एवढी एक कसोटी लावली तरी बरेच जण गळतात.

आता पिशवीचं. दरवर्षी वटपौर्णिमेच्या आधीच्या रविवारी मी ती उघडते. कागदपत्रांच्या झेरॉक्स प्लास्टिकमध्ये, पंधरा दिवसांची औषधं, टॉर्च, सेल, पॉवर बँक, सुटे पैसे, काडेपेटी, मेणबत्त्या, एक साडी, टॉवेल, राजगिऱ्याचे लाडू (दर पंधरवड्याला बदलायचे), कुंकवाची डबी, देव बांधायला धुतलेला पंचा आणि एक जास्तीची तुळशीची माळ. गेल्या खेपेला जुन्या चपलांचा जोड राहिला आणि अनवाणी गाळात उतरल्यामुळे पायात काच गेली. यंदा तो सगळ्यात वर ठेवला आहे.